आधी उत्तरायण, मग उड्डाण: बडोद्याहून स्वस्तात थंडीची फॉरेन ट्रिप

नोव्हेंबर सरत आला की बडोद्यात घरोघरी तेच चालू होतं, यंदा बाहेर जाऊ या, आणि मग सगळे एकाच वेळी 24 डिसेंबर ते 2 जानेवारीची तिकिटं बघायला बसतात, भाव बघून डोळे पांढरे होतात आणि शेवटी दीव नाहीतर आबू. माझं म्हणणं एवढंच की देश कुठला ते नंतर बघा, आधी तारीख ठरवा, निम्मे पैसे तिथेच वाचतात किंवा जातात.

आपल्याकडे डिसेंबरच्या मध्यावर कमुरता (धनुर्मास) लागतात, संक्रांतीपर्यंत लग्नं नाहीत, त्यात नाताळची सुट्टी आणि अमेरिकेहून आलेले पाहुणे, म्हणजे अख्खं गुजरात मोकळं आणि अख्खं गुजरात बॅगा भरून तयार. मग भाव चढणारच. त्यापेक्षा उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचे पतंग, आपल्या गच्चीवर करा, दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायणला उरलेलं उंधियू संपवा आणि 16 जानेवारीनंतर निघा. तोवर गर्दी ओसरलेली असते, हवा तीच मस्त. फक्त 26 जानेवारीला जोडून लाँग वीकेंड येतोय का ते बघा, आणि चिनी नववर्षाच्या आत परत या, ते 2027 मध्ये 6 फेब्रुवारीला आहे. त्या आठवड्यात व्हिएतनाममध्ये तेत, म्हणजे त्यांचं नववर्ष, असतो, दुकानं बंद, बसगाड्या फुल्ल, हॉटेलं महाग. घरात दहावी-बारावी असेल तर मात्र काही बोलायलाच नको, मार्चनंतर बघा.

आता कुठे. इथे लोक फोटो बघून ठरवतात आणि पावसात भिजून येतात. थायलंडला फुकेत आणि क्राबीची बाजू नोव्हेंबर ते एप्रिल कोरडी असते, पण कोह सामुई दुसऱ्या समुद्रात आहे आणि तिथे ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस, त्यामुळे स्वस्त दिसलं म्हणून डिसेंबरात सामुई घेऊ नका. मलेशियातही तसंच, लंकावी आणि पेनांग चालेल, पूर्वेकडची पेर्हेंतियान वगैरे बेटं या दिवसांत जवळजवळ बंदच असतात. श्रीलंकेत गॉल, मिरिस्साचा किनारा छान, मिरिस्साला या सीझनमध्ये देवमासेही दिसतात. बालीला भर पावसाळा, ती उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी ठेवा. दुबई थंडीत सुंदर, पण तो त्यांचा सीझन, स्वस्त कसली होतेय.

व्हिएतनामचं जरा नीट सांगते कारण सध्या आपल्या इथून सगळे तिथेच निघालेत. देश लांबट आहे आणि एकाच वेळी तीन हवामानं. उत्तरेला हनोईत जानेवारीत चांगली थंडी, सापा या डोंगरातल्या गावी तर स्वेटरवर जॅकेट लागतं. मधल्या भागात, म्हणजे दा नांग, होई आन, ह्युएला, ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस आणि कधीकधी पूर. दक्षिणेला हो ची मिन्ह आणि फु क्वोक डिसेंबरपासून कोरडं. सहा-सात दिवसांत तिन्ही करायचा हट्ट धरला की डोमेस्टिक फ्लाईटमध्येच पैसे आणि अर्धे दिवस जातात, दोन टोकांपैकी एक निवडा.

आणि ज्यांच्याकडे अजून पासपोर्टच नाही त्यांनी नेपाळ-भूतान आधी बघावं. दोन्हीकडे व्होटर कार्डवर जाता येतं, आधारवर अवलंबून राहू नका. नेपाळचा रुपया आपल्या रुपयाला 1.60 असा बांधलेला, हिशोब सोपा, आणि पोखऱ्याहून जानेवारीच्या सकाळी डोंगर स्वच्छ दिसतात. भूतानमध्ये आपल्याला माणशी रात्रीचे 1200 रुपये सरकारी फी आहे, चौघांच्या पाच रात्री म्हणजे 24,000 नुसते त्यातच, ते धरूनच बजेट काढा.

निघायचं कुठून? तिकिटाचा भाव बघताना बडोद्यापासून बडोद्यापर्यंतचा खर्च मोजा. अमदावाद एक्स्प्रेसवेने दोन तासांत येतं, तिथून बँकॉक, व्हिएतनाम, मलेशियाच्या फ्लाईट मिळतात, त्यामुळे मुंबईचं तिकीट दोन-तीन हजारांनी स्वस्त दिसलं तरी ट्रेन, टॅक्सी आणि वर मावशीकडे रिकाम्या हाताने कसं जायचं हे धरलं की हिशोब उलटा होतो. हरणीहून, म्हणजे बडोद्याच्याच विमानतळावरून, दिल्ली करून जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला धुकं असतं, फ्लाईट लेट होतात, आणि दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर पुढची चुकली की ती एअरलाईन ओळखही देत नाही. एकाच पीएनआरवर काढा किंवा मध्ये एक रात्र ठेवा.

व्हिसाचं. थायलंडने जुलै 2024 मध्ये आपल्याला 60 दिवस व्हिसाफ्री केलं होतं, ते अजून तसंच आहे का बघा, मलेशियाचं 30 दिवसांचं व्हिसाफ्री 31 डिसेंबर 2026 पर्यंत जाहीर आहे, म्हणजे पुढच्या जानेवारीचं तिकीट काढायच्या आधी मुदत वाढली का ते बघा. हे नियम बदलत राहतात, तिकीट काढाल त्या दिवशी सरकारी साईटवर एकदा बघायचंच. दोन्हीकडे पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड भरायचं असतं, ते फुकट आहे, पैसे मागणारी साईट दिसली की समजा चुकीच्या दारात आलात. व्हिएतनामचा ई-व्हिसा सिंगल एन्ट्री 25 डॉलर. फॉर्म भरताना एक गोष्ट: आपल्या पासपोर्टवर नावापुढे वडिलांचं नाहीतर नवऱ्याचं नाव लागलेलं असतं आणि आपण तिकिटावर ते गाळतो. पासपोर्टच्या फोटोवाल्या पानावर तळाशी बाणांच्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात ना, त्यात जसं नाव आहे तसंच्या तसं फॉर्ममध्ये आणि तिकिटावर. पानाचा फोटो काढताना वर ट्यूबलाईटची चमक येऊ देऊ नका, खिडकीशी दिवसा काढा. पासपोर्ट प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने चालू हवा, नसेल तर आत्ताच रिन्यूला टाका, साध्या 36 पानीचे 1500 लागतात.

पैशांचं थोडक्यात. नेहमीच्या डेबिट कार्डावर बाहेर मार्कअप, म्हणजे बँकेचा जादा आकार, लागतो आणि थायलंडचं एटीएम दर वेळी 220 बाहतच्या आसपास वेगळे कापतं, म्हणून पाचशे-पाचशे काढत बसू नका, एकदाच काढा. नेपाळ, भूतान, श्रीलंकेत बऱ्याच दुकानांत यूपीआय चालतं. दांडिया बाजारातल्या ट्रॅव्हलवाल्याकडून पॅकेज घेतलंत तर टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल होणारा आयकर, कापला जातो, तो बुडत नाही, रिटर्न भरताना मिळतो, पण आत्ता खिशातून जातो हे लक्षात असू दे.

खाण्याचं. शाकाहारी मंडळींनी व्हिएतनाम-थायलंडमध्ये नुसतं नो मीट म्हणून भागत नाही, फिश सॉस भाजीतही असतो, तो नको असं वेगळं सांगा. व्हिएतनाममध्ये चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच लोक शाकाहारी खातात, त्या दिवशी भरपूर मिळतं. बाकी थेपले, खाखरे न्याच, पण स्वस्त एअरलाईन्सवर हातातल्या बॅगेला सात किलोच असतात आणि वजन करतात. आपला बडोद्याचा लीलो चिवडो ओलसर, त्याचं पाकीट दिसतं त्यापेक्षा जड भरतं, त्याऐवजी खाखरे घ्या. लोणचं चेक-इनमध्ये, झाकणाला टेप लावून दोन पिशव्यांत. आणि चेक-इन बॅग तिकिटाबरोबरच ऑनलाईन घेऊन ठेवा, काउंटरवर तीच भलत्या भावाने पडते.