वर्डच्या परीक्षेआधी या चुका टाळा: कागदावर बरोबर, फाइलमध्ये चूक

नववीतल्या एका मुलीनं मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज टाइप केला होता. वर उजवीकडे दिनांक, खाली प्रति, विषय, मजकूर आणि शेवटी पुन्हा उजवीकडे 'आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी'. छापलेला कागद पाहून कुणीही पैकीच्या पैकी गुण दिले असते. मी फक्त सगळा मजकूर निवडून अक्षरांचा आकार १२ चा १४ केला. दिनांकातलं वर्ष टुणकन खालच्या ओळीत उतरलं, 'विद्यार्थिनी' शब्द डाव्या कडेला येऊन पडला, आणि पोरीचा चेहरा एवढासा झाला. दिनांक उजवीकडे न्यायला तिनं स्पेसबार दाबत नेला होता. आम्ही दोघांनी मिळून मोजलं, एक्केचाळीस वेळा.

चूक तिची नव्हती. महिनाभर मी तिचे कागद बघत होतो, फाइल उघडून एकदाही पाहिली नव्हती.

बीड जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत नववी-दहावीची लेकरं संगणकाच्या तासाला येतात. बरीच जण दहावीच्या सुट्टीत एमएस-सीआयटी करतात. हा कोर्स २००१ पासून महाराष्ट्रात घरोघरी पोचलाय. काही जण नायलिट या केंद्र सरकारच्या संस्थेची सीसीसी ही संगणकाची परीक्षा देतात. नायलिटचं केंद्र छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या आवारातच आहे. एखाद-दुसरा मायक्रोसॉफ्ट ऑफिस स्पेशालिस्टची तयारी करतो. त्या परीक्षेत पर्याय निवडायचे नसतात. समोर खरंखुरं वर्ड उघडतं, ५० मिनिटांत सांगितलेली कामं करून दाखवायची, आणि १००० पैकी ७०० गुणांना उत्तीर्ण. तिथं तपासली जाते ती फाइल. दिनांक उजवीकडे दिसतोय का, एवढ्यावर भागत नाही. तो उजवीकडे कसा नेला, यावर गुण ठरतात.

लपलेल्या खुणा बंद ठेवून शिकवणं

माझ्या मते बाकी सगळ्या चुकांचं मूळ हेच. होम टॅबवर उलट्या इंग्रजी पीसारखं एक बटण असतं. ते दाबलं, किंवा कंट्रोल, शिफ्ट आणि ८ एकदम दाबले, की फाइलच्या आतलं सगळं बाहेर येतं. प्रत्येक स्पेसचा एक ठिपका, टॅबचा बाण, एंटरची ती उलट्या पीची खूण. आता आमच्याकडे पहिल्या दिवसापासून हे बटण चालूच असतं. सुरुवातीला लेकरं कुरकुरतात, "सर, लई घाण दिसतंय." आठवडाभरात डोळ्यांना सवय होते. मग दोन ठिपके एकाला एक लागून दिसले की शेजारचाच सांगतो, "ए, तुझी एक स्पेस जास्त झाली."

दिनांक उजवीकडे हवा तर ओळीवर कर्सर ठेवून कंट्रोल आर. एकाच ओळीत डावीकडे जावक क्रमांक आणि उजवीकडे दिनांक हवा असेल, तर पट्टीवर उजव्या कडेला राइट टॅब लावायचा आणि मध्ये टॅब एकदाच दाबायचा. पट्टी दिसत नसेल तर व्ह्यूमध्ये जाऊन रूलरवर टिक करा. पट्टीच्या डाव्या टोकाला टॅबचा प्रकार दाखवणारा एक चौकोन असतो. राइट टॅबची खूण येईपर्यंत त्यावर क्लिक करत राहायचं. लेकरांना हा चौकोन कुणी दाखवलेलाच नसतो.

एंटरनं पान पलटणं

नवीन पान हवं म्हणून एंटर दाबत खाली जाणं ही याच रोगाची दुसरी शाखा. मागे दोन ओळी वाढवल्या की पुढची सगळी पानं घसरतात. कंट्रोल एंटर शिकवा, विषय संपला.

दोन परिच्छेदांतलं अंतर मात्र जरा समजावून सांगावं लागतं. वर्ड २०१३ पासून नव्या कोऱ्या फाइलमध्ये प्रत्येक परिच्छेदाखाली ८ पॉइंटची जागा आपोआप सुटते. त्यात लेकरू आणखी एक एंटर मारतं आणि मधे भलं मोठं खिंडार पडतं. मग ते खिंडार बुजवायला अक्षरं बारीक करतं. पॅराग्राफच्या खिडकीत बिफोर आणि आफ्टरचे आकडे बदलायला लावा. परीक्षेत नेमका तोच आकडा विचारतात.

बोल्ड केलं म्हणजे शीर्षक झालं, असं समजणं

दहावीच्या एका मुलाचा जायकवाडी धरणावरचा बारा पानांचा प्रकल्प होता. शीर्षकं ठळक, मोठी, निळी, अधोरेखित. म्हटलं, आता अनुक्रमणिका टाक. त्यानं रेफरन्सेसमधून टेबल ऑफ कंटेंट्स निवडलं, तर एकही नोंद सापडली नाही असा इंग्रजीत संदेश. तो माझ्याकडे बघत राहिला. एवढी शीर्षकं ढळढळीत दिसताहेत, मग वर्डला का दिसत नाहीत?

दिसत नाहीत, कारण वर्डच्या लेखी तो जाड केलेला साधा मजकूर होता. त्याला हेडिंग १, हेडिंग २ या स्टाईल लावायला सांगितलं. हेडिंग १ साठी कंट्रोल, आल्ट आणि १. दहा मिनिटांत अनुक्रमणिका तयार. पण तिच्यात एक अख्खा परिच्छेद घुसला होता! शीर्षकानंतर एंटर न मारता त्यानं शिफ्ट एंटर मारला होता, त्यामुळे शीर्षक आणि खालचा मजकूर मिळून एकच परिच्छेद झाला आणि स्टाईल सगळ्याला लागली. लपलेल्या खुणा चालू असल्यामुळे शिफ्ट एंटरचा वाकडा बाण लगेच सापडला. तो काढून त्याचं त्यानंच दुरुस्त केलं. नंतर मजकूर वाढवला की एफ ९ दाबून पूर्ण तक्ता अपडेट करायचा. नुसते पान क्रमांक अपडेट केले तर नवी शीर्षकं येत नाहीत.

मराठी मजकुरात इथं एक वेगळीच अडचण येते. हेडिंगचा आकार १६ केला तरी इंग्रजी शब्द मोठे होतात आणि मराठी आहेत तेवढेच राहतात. लेकरू म्हणतं, कॉम्प्युटर बिघडला. वर्ड देवनागरीचा फॉन्ट आणि आकार वेगळा जपून ठेवतं. फॉन्टची खिडकी कंट्रोल डीनं उघडा, किंवा स्टाईल बदलताना फॉरमॅटमधून फॉन्टमध्ये जा. तिथं कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स असा वेगळा कप्पा आहे, मराठीचा आकार त्यात बदलायचा.

जुन्या फॉन्टमध्ये मराठी

गावातल्या डीटीपीच्या दुकानातून शिकून आलेली मुलं कृतिदेवमध्ये झरझर टाइप करतात. वेग कौतुकाचाच आहे. पण तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की 'मराठी' या शब्दाच्या जागी ई, जे, के, बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरं दिसतात, कारण फाइलमध्ये मुळात तीच साठवलेली असतात. शोधाशोध, क्रमवारी, शुद्धलेखन, काहीच चालत नाही. शाळेत युनिकोडच शिकवा, त्यात फाइलमध्ये खरी देवनागरी अक्षरंच साठवली जातात. कुणी शासकीय टायपिंगच्या परीक्षेला बसणार असेल तर तिथं कुठला कीबोर्ड लेआउट चालतो ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या. बोटांना लागलेली सवय मोडायला महिने जातात.

तक्त्यातला आगाऊ मथळा

सरावाला मी मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांचा तक्ता देतो. एका रकान्यात जिल्हा, दुसऱ्यात तो स्वतंत्र कधी झाला ते: जालना १९८१, लातूर १९८२, हिंगोली १९९९, बाकी पाच जुनेच, त्यांच्यापुढे 'जुना' लिहायचं. मग नावांची अकारविल्हे लावायला सांगतो. दर वर्षी कुणाच्या तरी तक्त्यात छत्रपती संभाजीनगर, जालना, मग 'जिल्हा', मग धाराशिव असा क्रम लागतो. सॉर्टच्या खिडकीत 'नो हेडर रो' राहिलेलं असतं, म्हणून मथळा बिचारा जिल्ह्यांच्या रांगेत जाऊन बसतो. कंट्रोल झेड, 'हेडर रो' निवडा, पुन्हा सॉर्ट.

लांब तक्त्याचा मथळा प्रत्येक पानावर हवा असेल तर 'रिपीट हेडर रोज' हे बटण वापरा. ते चाललं नाही तर आधी तक्त्याच्या मध्ये कुणी कंट्रोल एंटर मारलाय का ते बघा. तक्ता आपोआप पुढच्या पानावर गेला असेल तरच मथळा पुन्हा येतो.

एकच पान आडवं करायला गेलं आणि सगळीच आडवी झाली, ही तक्रारही नेहमीची. तिथं पेज ब्रेक पुरत नाही. त्या पानाच्या आधी आणि नंतर लेआउटमधून नेक्स्ट पेज हा सेक्शन ब्रेक टाकावा लागतो.

वर्ड आणि रायटर यांची खिचडी

सीसीसीच्या अभ्यासक्रमात लिबर ऑफिस आहे, मायक्रोसॉफ्ट ऑफिससारखाच पण मोफत संच; त्यातलं वर्डसारखं म्हणजे रायटर. १०० प्रश्न, ९० मिनिटं, आणि त्यात शॉर्टकट हमखास. रायटरमध्ये कंट्रोल १ दाबलं की हेडिंग १ लागतं. वर्डमध्ये त्याच कळांनी ओळींतलं अंतर सिंगल होतं. दोन्ही एकाच आठवड्यात शिकवलं तर लेकरांच्या डोक्यात काला होतो. कोण कुठली परीक्षा देणार ते ठरवून त्यांचे गट वेगळे करा.

माउस एकाकडे, वही दुसरीकडे

ही चूक आपली, शिक्षकांची, आणि मला सगळ्यात जास्त डाचते ती हीच. एका संगणकावर दोघं-तिघं बसतात. ज्याच्या घरी लॅपटॉप आहे तो माउस धरतो, आणि बाजूची मुलगी वहीत पायऱ्या उतरवून घेते: इन्सर्ट, मग टेबल, मग... वही सुंदर होते. परीक्षेत हात थरथरतो. आता मी दर दहा मिनिटांनी टाळी वाजवतो आणि माउस बदलतो. ज्याच्या हातात माउस नाही त्यानं फक्त तोंडानं सांगायचं, बोट लावायचं नाही. पहिले चार दिवस गोंधळ झाला. नंतर वहीवाल्या मुलीच भराभर सांगायला लागल्या, कारण पायऱ्या त्यांनाच पाठ होत्या.

लाईट गेली

उन्हाळ्यात तास चालू असताना लाईट जाते आणि वर्गभर एकच हाय उठते. वर्ड स्वतःहून दर १० मिनिटांनी प्रत राखतं; ऑप्शन्समधल्या सेव्हमध्ये जाऊन तो आकडा २ करा. फाइलला नाव मात्र पहिली ओळ टाइप करण्याआधीच द्यायचं, एफ १२ दाबून. तरीही फाइल नावाशिवायच गेली, तर फाइल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंट, रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स इथं एकदा बघा. बऱ्याचदा सापडते.

ऑफिस स्पेशालिस्टला बसणाऱ्यांसाठी एक शेवटची गोष्ट, ही सरावातच दाखवून ठेवा. सूचनेत जेवढं सांगितलं तेवढंच करायचं. बरं दिसतं म्हणून रंग, ठळकपणा काही वाढवायचं नाही. एखादं काम अडलं तर खूण करून पुढं जायचं. आणि 'रीस्टार्ट प्रोजेक्ट' हे बटण दाबलं की त्या प्रोजेक्टमधलं केलेलं सगळं काम जातं. आमचा एक मुलगा शेवटची एक पायरी मागं घ्यायची म्हणून ते दाबून बसला होता. त्याला कंट्रोल झेड पुरलं असतं.