पीनट बटर खायचं असेल तर आधी भाजीतलं कूट मोजा

दाण्याचं कूट मिक्सरमध्ये आणखी सात-आठ मिनिटं फिरवलं की पीनट बटर तयार होतं. घरच्या पीनट बटरमध्ये दाण्यांशिवाय काही लागत नाही. म्हणजे मराठवाड्यातल्या घरात ते नव्यानं येतच नाही, ते आधीपासून ताटात आहे. सकाळच्या सुशीलात, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांच्या फोडणीच्या पदार्थात, दाणे, दुपारी वांग्याच्या भाजीत कूट, भाकरीशेजारी दाण्याची चटणी आणि तिच्यावर कच्च्या तेलाची धार. वजन उतरवायला निघालेला माणूस याच ताटात वरून दोन चमचे पीनट बटर वाढून घेतो आणि महिनाभरात काटा हलला नाही की दोष पीनट बटरला देतो. ते खायला काहीच हरकत नाही, फक्त कुटाच्या जागी खायचं.

हिशेब असा आहे. १०० ग्रॅम शेंगदाण्यात साधारण ५७० कॅलरी, ४९ ग्रॅम स्निग्धांश आणि २५ ग्रॅम प्रथिनं असतात. त्या स्निग्धांशातला निम्मा भाग ऑलिक आम्लासारख्या एकअसंतृप्त प्रकारचा आणि जवळपास एक तृतीयांश बहुअसंतृप्त असतो. हे दोन्ही हृदयाला चांगले, म्हणून दाण्याला भिऊन पळायचं कारण नाही. पण चांगला असो की वाईट, कोणताही स्निग्धांश ग्रॅमला ९ कॅलरीच देतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत २००० कॅलरींच्या दिवसासाठी दाणे-तेलबिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम धरलं आहे. वजन कमी करताना १५०० कॅलरींवर राहायचं असेल तर दाणे-तेलबिया मिळून २५ ग्रॅम आणि तेल-तूप २० ग्रॅम धरा. त्या २५ ग्रॅममध्ये भाजीतलं कूट, चटणी, पीनट बटर, तीळ, जवस, सगळं बसवायचं आहे.

आता चमचा. चहाचा चमचा सपाट भरला तर ५ ग्रॅम पीनट बटर येतं, साधारण ३० कॅलरी. पोह्याचा चमचा बाटलीत बुडवून शिगोशीग काढला तर तोच आकडा २५ ग्रॅमवर, म्हणजे १५० कॅलरींवर जातो. दिवसाचा सगळा वाटा एका चमच्यात संपला. घराघरातला चमचा वेगळा असतो, म्हणून एकदाच काट्यावर वाटी ठेवून आपल्या चमच्याचं माप घ्या. काटा नसेल तर किराणा दुकानात करून मिळतं. थेट बाटलीतून कधी खाऊ नका. वाटीत काढा, बाटलीला झाकण लावा आणि मग बसा. रोज दोन सपाट चहाचे चमचे, म्हणजे १० ग्रॅम, हे बहुतेकांना पुरेसं आहे.

घरी करताना

एका वेळी पाव किलोच दाणे घ्या. आधी ताटात पसरून निवडा. सुरकुतलेले, काळपट, डाग पडलेले, किडके, बुरशीचा वास येणारे दाणे काढून टाका. यात कंजुषी नको. शेंगा भरताना पावसानं दडी मारली किंवा काढणीनंतर शेंगा ओल्याच पोत्यात गेल्या तर दाण्यावर अस्परजिलस बुरशी येते. ती अफ्लाटॉक्सिन नावाचं यकृताला घातक विष तयार करते आणि भाजल्यानं ते पूर्ण जात नाही. चटणी खाताना एखादा दाणा कडू लागतो तेव्हा आपण तो थुंकतो, पण पीनट बटरमध्ये तोच दाणा सगळ्या बाटलीत मिसळून जातो.

लोखंडी कढईत मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं सतत हलवत भाजा. आच मोठी केली तर साल करपते आणि आत दाणा कच्चा राहतो. मग पीनट बटरला करपट आणि कच्चट असे दोन्ही वास येतात. एक दाणा फोडून पाहा. आतून फिकट बदामी झाला, बोटांनी चोळल्यावर साल सहज सुटली आणि तडतड मंदावली की उतरवा. कढईतच ठेवू नका, तापल्या लोखंडात भाजणं चालूच राहतं. कोमट झाले की फडक्यात चोळा आणि सुपानं पाखडा.

मिक्सर पूर्ण कोरडा हवा. कोमट दाणेच घ्या, गार दाण्यांना तेल सुटायला वेळ लागतो. पहिल्या मिनिटात कूट होतं. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला ते भांड्याच्या कडेला चिकटून बसतं. बहुतेकजण इथं घाबरून पाणी किंवा तेल घालतात. पाण्यानं गोळा घट्ट बसतो आणि चार दिवसांत बुरशी धरतो. तेलानं नुसत्या कॅलरी वाढतात, कारण दाण्यात निम्मं तेलच आहे. मिनिटभर फिरवा, दोन मिनिटं थांबा, चमच्यानं कडा खरवडून खाली घ्या, पुन्हा फिरवा. मोटर तापू देऊ नका. सातव्या-आठव्या मिनिटाला गोळा ढिला होऊन वाहायला लागतो. शेवटी पाव चहाचा चमचा मीठ घाला. साखर नको. गूळही नको, त्यात ओलावा असतो, त्यानं सगळं पुन्हा आळतं.

कोरड्या काचेच्या बाटलीत भरा. वर तेल तरंगलं म्हणून ते काढून टाकू नका. तेच तर हवं आहे आणि काढलं तर खाली दगड उरतो. बाटली रात्रभर उलटी ठेवा, सकाळी ढवळून घ्या. हिवाळ्यात बाहेर तीन आठवडे टिकतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे गेला की आठ-दहा दिवसांतच खवट वास येऊ शकतो, तेव्हा फ्रिजमध्येच ठेवा. खवट झालेलं भाजीत ढकलून संपवू नका.

विकत घेताना मागची घटकांची यादी वाचा. जो घटक जास्त तो आधी छापलेला असतो. शेंगदाणे आणि फार तर मीठ, एवढंच लिहिलेलं घ्या. साखर, पाम तेल किंवा हायड्रोजनेटेड वनस्पती तेल दिसलं की बाटली परत मांडणीत ठेवा. ‘लो फॅट’ छापलेल्यात स्निग्धांश काढून त्या जागी बऱ्याचदा साखर किंवा स्टार्च घातलेला असतो.

खायचं कशाबरोबर

ब्रेडवर खाण्यापेक्षा ज्वारीची अर्धी भाकरी बरी. दोन चहाचे चमचे पीनट बटर, अर्धी वाटी दही, ठेचलेली लसणाची पाकळी, चिमूटभर तिखट आणि मीठ असं कालवा. दाण्याच्या चटणीत दही कालवतो तीच चव आणि वरच्या तेलाची गरज उरत नाही. त्या दिवशी भाजीत कूट घालायचं नाही. भरल्या वांग्यातही हे जमतं. पाव किलो वांग्यांना मूठभर कुटाऐवजी पोह्याचा एक सपाट चमचा पीनट बटर पाण्यात सैल करून घाला. रस्सा तेवढाच दाट होतो आणि फोडणीला दोन चहाचे चमचे तेल पुरतं.

व्यायामशाळेत जाणारी मुलं प्रथिनांसाठी पीनट बटर खातात. तो हिशेब तोट्याचा आहे. १० ग्रॅम प्रथिनं पीनट बटरमधून घ्यायला सुमारे २४० कॅलरी पडतात. तेवढीच प्रथिनं ४५ ग्रॅम कोरड्या तुरीच्या डाळीतून साधारण १५० कॅलरींत आणि अंड्यांतून १२० कॅलरींत मिळतात. शिवाय ज्वारीत लायसिन हा प्रथिनांतला आवश्यक घटक कमी असतो आणि दाण्यातही फारसा नसतो. ती उणीव डाळच भरून काढते. त्यामुळे भाकरी आणि पीनट बटर यावर जेवण उरकू नका, सोबत वाटीभर वरण हवंच.

दाण्यात ओमेगा-३ हा शरीराला लागणारा स्निग्धांश जवळजवळ नसतो आणि करडईच्या तेलातही नसतो. तो जवसात आहे. पोह्याचा एक चमचा, म्हणजे ७ ग्रॅम दळलेला जवस दिवसाची गरज भागवतो. अख्खा जवस पचत नाही, तसाच बाहेर पडतो. मंद आचेवर तडतडेपर्यंतच भाजा, पंधरा दिवसांपुरतीच चटणी कुटा, कारण जवसाचं तेल फार लवकर खराब होतं. परभणी, लातूर, बीडकडे जवस आणि करडई घराघरात होती. वजनाच्या चिंतेत चिया शोधत फिरण्याआधी आपल्या बाजारातला जवस घ्या.

लाकडी घाण्याच्या तेलाबद्दल एक गैरसमज आहे. ते घाण्याचं आहे म्हणून जास्त चालतं असं नाही. चव आणि वास त्याचाच चांगला, पण कॅलरी तेवढ्याच. चार माणसांच्या घरात माणशी २७ ग्रॅम धरलं तर तूप धरून महिन्याला साडेतीन लिटर होतं. डब्यावर तारीख लिहा. साडेतीन लिटर वीस दिवसांत संपत असेल तर आधी तिकडे लक्ष द्या. करडई आणि शेंगदाणा आलटून पालटून वापरा, तळणीचं तेल पुन्हा तापवू नका.

उपवासाचा दिवस सर्वात अवघड. एकादशीला कुटात घोळलेली साबुदाण्याची खिचडी आणि संध्याकाळी भगरीबरोबर दाण्याची आमटी झाली की माणशी साठ-सत्तर ग्रॅम दाणे सहज पोटात जातात. नेहमीच्या दिवसाच्या दुप्पट-तिप्पट! चौघांच्या आमटीला ५० ग्रॅमच दाणे वाटा, दाटपणासाठी उकडलेला बटाटा किंवा रताळं कुस्करा. खिचडी टाळून भगर आणि ताक घ्या. त्या दिवशी पीनट बटर नको.

दाणे खाल्ल्यावर ओठ सुजणं, अंगावर गांधी येणं किंवा दम लागणं असं ज्याला कधी झालं असेल त्यानं चव घेऊनही पाहू नये. तसं झालं तर घरगुती उपाय न करता लगेच दवाखाना गाठावा. किडनीचा आजार असणाऱ्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. लहान मुलांना पीनट बटरचा गोळा चमच्यानं भरवू नका, तो टाळूला आणि घशात चिकटतो. दुधात किंवा दह्यात पातळ करून द्या.