जर्मनीत मास्टर्सचा कोर्स निवडताय? या चुका टाळा

दर वर्षी मे महिना उजाडला की माझ्या फोनवर एक्सेलच्या शीट यायला लागतात. कुणाची भाची, कुणाच्या सोसायटीतला मुलगा, कुणी आमच्याच कॉलेजचा ज्युनिअर. "दादा, जरा नजर टाकशील का?" शीटमध्ये विद्यापीठाचं नाव असतं, रँकिंग असतं, शहर, फी, शेवटची तारीख, सगळं रंग देऊन भरलेलं. एकच रकाना जवळपास कधी नसतो: दोन वर्षं त्या कोर्समध्ये शिकवणार काय?

मीही तो रकाना न भरताच गेलो होतो. पुण्यातून मेकॅनिकल केलं आणि जर्मनीतला एक मास्टर्स धरला, कारण नावात 'ऊर्जा' होती. मला टर्बाइन शिकायची होती, उष्णतेचं गणित करायचं होतं. तिथे पोचल्यावर कळलं की निम्म्याहून जास्त विषय वीजजाळ्याचे आणि ऊर्जेच्या बाजारपेठेचे आहेत. हे कुणी लपवलं नव्हतं. विद्यापीठाच्या साइटवर भलीमोठी पीडीएफ होती आणि तिच्यात एकेक विषय तपशिलानं मांडलेला होता. मी ती उघडलीच नव्हती.

नाव बघून कोर्स धरणं

त्या पीडीएफला जर्मनीत 'मोड्यूलहांडबूख' म्हणतात. प्रत्येक कोर्सची असते आणि बहुतेक ठिकाणी सगळ्यांना वाचायला खुली असते. अर्ज करण्याआधी एकच कागद वाचायला वेळ असेल, तर तो हाच वाचा. एकाच नावाचे दोन कोर्स दोन विद्यापीठांत इतके वेगळे असतात की एकाचा पदवीधर दुसऱ्याच्या वर्गात बावरून जाईल. 'मेकॅट्रॉनिक्स' कुठे यंत्राकडे झुकतं, कुठे कंट्रोल थिअरीकडे, कुठे निव्वळ सॉफ्टवेअरकडे. 'डेटा सायन्स' गणित विभाग चालवतो की व्यवस्थापन विभाग, यावरून सगळं बदलतं.

वाचताना आधी सक्तीचे विषय आणि ऐच्छिक विषय वेगळे काढा. जर्मनमध्ये 'फ्लिश्ट' म्हणजे सक्तीचा आणि 'वालफ्लिश्ट' म्हणजे ठरावीक यादीतून निवडायचा. ऐच्छिक विषयांची लांबलचक यादी बघून हुरळून जाऊ नका. तिच्यातून तुम्हाला फक्त तीन-चार विषय घेता येणार असतात. कोर्सचा खरा चेहरा सक्तीच्या विषयांत दिसतो.

मग प्रत्येक विषयासमोरची भाषा बघा. कोर्स 'इंग्रजीत' असं लिहिलेलं असलं, तरी ऐच्छिकांतले काही विषय फक्त जर्मनमध्ये असू शकतात, आणि नेमके ज्यासाठी आपण तिथे जाणार असतो तेच तसे निघतात. माझ्या एका मैत्रिणीला वाहनांच्या ध्वनीवर काम करायचं होतं. तो विषय जर्मनमध्ये होता आणि तिची जर्मन ए-टू, म्हणजे प्राथमिक पातळीची. दोन्ही वर्षं तिला त्या वर्गाबाहेर राहावं लागलं.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त दुर्लक्षिली जाते, ती म्हणजे 'टुर्नुस'. तो विषय हिवाळी सत्रात शिकवतात की उन्हाळी सत्रात, हे तिथे लिहिलेलं असतं. हिवाळी सत्र १ ऑक्टोबर ते ३१ मार्च, उन्हाळी १ एप्रिल ते ३० सप्टेंबर (काही ठिकाणी, विशेषतः उपयोजित विज्ञानांच्या विद्यापीठांत, महिनाभर आधी सुरू होतं). आपल्याकडे विषय अडला की पुढच्या सत्रात परीक्षा देता येते. तिथे अनेक विषय वर्षातून एकदाच शिकवले जातात. मी उन्हाळी सत्रात प्रवेश घेतला होता आणि माझा एक सक्तीचा विषय फक्त हिवाळ्यात होता. त्याच्यावर आधारलेला दुसरा विषय फक्त उन्हाळ्यात. पहिला राहिला म्हणून दुसरा लांबला, आणि दोन वर्षांचा कोर्स अडीच वर्षांवर गेला. त्या सहा महिन्यांचं घरभाडं, आरोग्य विमा, जेवण, सगळं वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांतून गेलं. ते आजही मला सलतं.

म्हणून अर्जाआधी कागदावर चार चौकोन आखा, चार सत्रांचे. प्रत्येकात त्या सत्राचे विषय क्रेडिटसह लिहा. एका सत्राची बेरीज ३० ईसीटीएसच्या, म्हणजे युरोपीय क्रेडिटच्या, आसपास यायला हवी. जर्मनीत एक क्रेडिट म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास, त्यात वर्ग, घरचा अभ्यास, परीक्षेची तयारी सगळं आलं. म्हणजे सत्राला ९०० तास. चौकोन नीट भरले तर कोर्स तुमचा. दोन चौकोनांत मन लागेना, तर तो कोर्स शीटमधून काढून टाका, रँकिंग कितीही वरचं असलं तरी.

एकाच यादीत शोधत बसणं

बहुतेक मुलं फक्त डीएएडीची (जर्मन शैक्षणिक विनिमय सेवेची) इंग्रजी कोर्सची यादी बघतात. यादी चांगली आहे, दोन हजारांहून जास्त कोर्स आहेत तिच्यात. पण जर्मन कुलगुरू परिषदेच्या 'होखशूलकोम्पास'मध्ये वीस हजारांहून जास्त कोर्स आहेत. त्यातले बहुतेक जर्मनमध्ये शिकवले जातात, आणि तिथे आपल्याकडच्या अर्जांची गर्दी खूपच कमी असते. पुण्यात बोट क्लब रोडला मॅक्स म्युलर भवन आहे, फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूट आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षापासून जर्मन शिकायला लागलं, तर शेवटच्या वर्षापर्यंत बी-टू, म्हणजे वरची मध्यम पातळी, गाठता येते. जर्मन माध्यमाच्या मास्टर्सला बहुधा त्याहून वरची पातळी लागते, टेस्टडाफ किंवा डीएसएच परीक्षा द्यावी लागते. वाट लांबची आहे. पण ज्यांनी ती धरली त्यांना नोकरी शोधताना काय फरक पडला ते मी जवळून पाहिलंय.

दुसरं, फक्त 'टीयू', म्हणजे तांत्रिक विद्यापीठ, या नावाच्या मागे लागू नका. 'होखशूले' म्हणून ओळखली जाणारी उपयोजित विज्ञानांची विद्यापीठं आहेत, आधी त्यांना फाखहोखशूले म्हणायचे. तिथे वर्ग लहान असतात, प्रकल्प कंपन्यांशी जोडलेले असतात. संशोधनात जायचं असेल तर टीयू, कारखान्यात किंवा डिझाइन ऑफिसात जायचं असेल तर होखशूले अनेकदा जास्त जुळते. 'हे दुय्यम आहे' असं घरच्यांना कुणी सांगितलं असेल, तर त्यांना शांतपणे समजावून सांगा.

पात्रतेचं गणित दुसऱ्यावर सोडणं

आपला सीजीपीए जर्मन गुणांत बदलताना सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात. सर्वोच्च गुणांतून तुमचे गुण वजा करायचे, त्याला सर्वोच्च वजा उत्तीर्णतेचे किमान गुण यांनी भागायचं, तीननं गुणायचं आणि एक मिळवायचा. जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे जेमतेम पास, त्यामुळे आकडा जितका लहान तितका चांगला.

चूक होते ती 'किमान गुण' घालताना. समजा तुमचा सीजीपीए ७ आहे. दहाच्या मोजपट्टीवर उत्तीर्णतेला ४ लागत असतील, तर तुमचे जर्मन गुण २.५ येतात. ५ लागत असतील, तर २.८. अनेक कोर्सची मर्यादा नेमकी २.५ असते. म्हणजे या एका आकड्यावर तुम्ही आत की बाहेर ते ठरतं. तुमच्या विद्यापीठाच्या गुणपत्रिकेच्या मागे किंवा नियमावलीत पासिंगची व्याख्या असते. ती शोधा, आणि तिथे नसेल तर परीक्षा विभागाकडून लेखी घ्या.

दुसरा अडथळा विषयवार क्रेडिटचा. कोर्स म्हणतो, 'गणिताचे अमुक ईसीटीएस हवेत.' आपली मुलं गुणपत्रिकेतले क्रेडिट जसेच्या तसे लिहितात आणि ते कमी पडतात. अनेक विद्यापीठं प्रमाणात रूपांतर करतात. तुमच्या सत्रात एकूण २० क्रेडिट असतील आणि गणिताला त्यातले ४, तर तिथल्या ३० च्या हिशेबात ते ६ होतात. आधी ते विद्यापीठ कुठली पद्धत धरतं ते बघा, मग तक्ता करा. अभ्यासक्रमाची अधिकृत प्रत जोडा, विषयाच्या नुसत्या नावावर विसंबू नका. 'अप्लाइड सायन्स' म्हणजे काय, हे तिथल्या प्राध्यापकाला कळायला काही मार्ग नसतो.

थोडे क्रेडिट कमी पडले तर सरळ नकारच येतो असं नाही. कधी 'आउफलागन' लावतात, म्हणजे बॅचलरचे काही विषय तिथे जाऊन आधी पूर्ण करायची अट. प्रवेशपत्रात ही ओळ आली असेल, तर तो वेळ तुमच्या चार चौकोनांत धरा. या विषयांचे क्रेडिट मास्टर्सच्या बेरजेत येत नाहीत.

'जर्मनीत शिक्षण फुकट' हे वाक्य धरून बसणं

बहुतेक सरकारी विद्यापीठांत अजूनही शिक्षणशुल्क नाही, फक्त सत्र-वर्गणी असते. पण बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात, म्हणजे श्टुटगार्ट, कार्ल्सरूह वगैरे ठिकाणी, युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ च्या हिवाळी सत्रापासून सत्राला १,५०० युरो लागतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानं २०२४ च्या हिवाळी सत्रापासून शुल्क सुरू केलं, आणि मास्टर्सला ते सत्राला ४,००० ते ६,००० युरो आहे. याशिवाय 'वाइटरबिल्डंड', म्हणजे नोकरी केलेल्यांच्या पुढच्या शिक्षणासाठीचे, मास्टर्स सरकारी विद्यापीठांतही पैसे घेतात आणि त्यांना बहुधा नोकरीचा अनुभव लागतो. कोर्सच्या पानावर 'कोन्झेकुटिफ' असेल तर तो पदवीनंतर थेट घेता येणारा.

शुल्क असलं म्हणजे कोर्स वाईट, असं मला म्हणायचं नाही. घरी बसून हिशेब करताना तो आकडा समोर असावा, एवढंच. व्हिसासाठी आधी भरून ठेवायच्या ब्लॉक खात्यातले वर्षाचे ११,९०४ युरो हे सप्टेंबर २०२४ पासूनचे आकडे आहेत, आणि ते जगण्यासाठीचे आहेत, शुल्कासाठीचे नाहीत.

सल्लागाराकडे जाणार असाल, तर त्याला एक प्रश्न सरळ विचारा: विद्यापीठाकडून तुम्हाला प्रवेशामागे पैसे मिळतात का? काहींना खासगी विद्यापीठांकडून मिळतात, आणि मग यादीत तीच नावं वर येतात. बराचसा अभ्यास ऑनलाइन असलेल्या कोर्सपासून तर दूरच राहा. विद्यार्थी व्हिसा वर्गात बसून पूर्णवेळ शिकण्यासाठी असतो, त्यामुळे अशा कोर्सवर पुढे निवास परवाना अडू शकतो.

तारखा

शेवटची तारीख अनेक ठिकाणी हिवाळी सत्रासाठी १५ जुलै आणि उन्हाळी सत्रासाठी १५ जानेवारी असते, पण युरोपबाहेरच्यांसाठी ती कित्येकदा महिने-दोन महिने आधी येते. १ नोव्हेंबर २०२२ पासून आपल्याला विद्यार्थी व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला, लागतं. त्याचं शुल्क १८,००० रुपये आहे आणि कागद तपासून व्हायला वेळ लागतो. शेवटच्या वर्षात शिरलात की लगेच त्याच्या मागे लागा.

पोचल्यानंतरची चूक, जी सगळ्यात महाग पडते

आपल्याकडे फॉर्म भरला नाही तर कॉलेजचे कारकून वर्गात येऊन नाव पुकारतात. तिथे कुणी येत नाही. वर्गात बसणं वेगळं आणि परीक्षेची नोंदणी वेगळी. नोंदणीचा काळ परीक्षेच्या किती तरी आठवडे आधी संपून जातो. तो चुकला तर वर्षभर पहिल्या बाकावर बसलेल्यालाही परीक्षा देता येत नाही. आणि नोंदणी करून, न सांगता गैरहजर राहिलात, तर तो प्रयत्न नापास म्हणून मोजला जातो. बहुतेक ठिकाणी एका विषयाला तीनच प्रयत्न असतात. सक्तीच्या विषयात तिन्ही गेले तर नाव काढून टाकतात आणि तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडेही करणं जवळपास अशक्य होतं.

तयारी झाली नसेल, तर ठरलेल्या मुदतीत नाव मागे घ्या. त्यात कमीपणा नाही, तिथली मुलं सर्रास घेतात. आजारी पडलात तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन प्रमाणपत्र घ्या आणि परीक्षा कार्यालयाला पाठवा. दुसऱ्या दिवशीचं प्रमाणपत्र बहुधा चालत नाही. दोन प्रयत्न गेले असतील, तर तिसऱ्याआधी दोन ठिकाणी जा. एक, तुमच्या विभागाची विद्यार्थी समिती, 'फाखशाफ्ट'. त्यांच्याकडे जुन्या प्रश्नपत्रिका असतात आणि कुठल्या प्राध्यापकाचा भर कशावर असतो, हे त्यांना पाठ असतं. दोन, 'फाखश्टूडियनबेराटुंग', म्हणजे तुमच्या कोर्सचे सल्लागार. त्यांच्या भेटीची वेळ साइटवर दिलेली असते. तिथे '१० सी.टी.' लिहिलेलं असेल, तर भेट सव्वादहाला आहे.

कोर्सच चुकला असं वाटत असेल, तर पहिल्या सत्रातच बोला. कोर्स बदलता येतो, केलेले विषय नव्या कोर्सात धरून घेता येतात. पण आधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात विचारा, कारण तुमचा निवास परवाना त्या कोर्सच्या नावावर असू शकतो. नव्या विभागाकडून प्रवेशपत्र आणि 'एवढे क्रेडिट आम्ही मानतो' असं लेखी पत्र हातात आल्याशिवाय जुन्या कोर्समधलं नाव काढू नका.