बुद्धिबळाचं सॉफ्टवेअर घेताय? आधी लायसन्स समजून घ्या

नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि नागपुरातल्या कितीतरी घरांत ‘बाबा, चेसबेस घेऊन द्या ना’ अशी भुणभुण सुरू झाली. चेसबेस म्हणजे बुद्धिबळाचा विकतचा प्रोग्राम आणि तो बनवणारी जर्मन कंपनीही. हट्ट जरूर पुरवा, पण पैसे कशाचे मोजतोय ते आधी बघा.

इंजिनाचे, म्हणजे चाली शोधणाऱ्या प्रोग्रामचे, तर मोजूच नका. जगज्जेत्यालाही लोळवणारं स्टॉकफिश फुकट मिळतं आणि इंजिन आणि पट जोडणाऱ्या यूसीआय पद्धतीमुळे ते अरेना किंवा ही पद्धत चालणाऱ्या कोणत्याही पटाच्या प्रोग्रामला जोडता येतं. ते जीपीएल नावाच्या खुल्या लायसन्सखाली आहे. म्हणजे विकायलाही बंदी नाही, फक्त सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ मजकूर) खुला ठेवायचा. चेसबेस विकत असलेलं फॅट फ्रिट्झ २ हे इंजिन स्टॉकफिशवरच बेतलेलं होतं; त्यावरून याच मुद्द्यावर स्टॉकफिशवाल्यांनी २०२१ मध्ये चेसबेसला जर्मनीत कोर्टात खेचलं. २०२२ मध्ये तडजोड झाली. तेव्हा ‘जबरदस्त इंजिन’ अशी जाहिरात दिसली, की ते मुळात कोणाचं आहे हे आधी शोधा.

विकतच्या प्रोग्राममध्ये खरी किंमत असते ती लाखो डावांच्या डेटाबेसची आणि ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींच्या, तयारीसाठी लागणाऱ्या सोयींची. शाळेच्या स्पर्धा खेळणाऱ्या मुलाचं लिचेस या फुकट वेबसाइटवर निभतं. रेटिंग वाढायला लागलं, प्रतिस्पर्ध्याचे डाव आदल्या रात्री बघावे लागले, की मग घ्या.

घेताना ईमेल स्वतःचा द्या, दुकानदाराचा किंवा सरांचा नको. लायसन्स कायमचं की वर्षाचं, किती संगणकांवर चालेल, हे पैसे भरण्याआधी वाचा. लायसन्सची की (अक्षर-आकड्यांचा कोड) आली, की ती कॉपी-पेस्ट करा. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोतून टाइप करायला गेलात तर शून्य आणि ओ यांत हमखास घोळ होतो. बिलाची पीडीएफ आणि की दोन ठिकाणी ठेवा.

पूर्वी सीडी ड्राइव्हमध्ये असल्याशिवाय बरेच प्रोग्राम उघडत नसत. आता ॲक्टिव्हेशन असतं. बहुतेक प्रोग्राम तुमच्या मशीनची ओळख कंपनीच्या सर्व्हरवर नोंदवतात आणि एक लायसन्स किती मशीनवर चालू आहे याची मोजणी तिथे चालते. म्हणून फॉरमॅट करण्याआधी, डिस्क बदलण्याआधी किंवा लॅपटॉप विकण्याआधी प्रोग्राम डीॲक्टिव्हेट करा. नुसतं अनइन्स्टॉल केल्याने दर वेळी त्या मोजणीतली जागा मोकळी होतेच असं नाही. नागपूरच्या मे महिन्यात लॅपटॉप कधी मान टाकेल याचा नेम नाही; तसं झालंच तर बिल जोडून सपोर्टला मेल करा, मोजणीतली जागा मोकळी करून मागा.

सीताबर्डीच्या बाजारात ‘लॅपटॉपमध्ये सगळं टाकून देतो’ म्हणणारा कोणीतरी भेटतोच. त्याचा क्रॅक (लायसन्सला चकवणारी फाइल) चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो, आणि त्याच लॅपटॉपवर तुमचं नेट बँकिंग असतं. शिवाय कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३बी नुसार प्रोग्रामची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरली, तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. कमाईसाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळू शकतं, पण क्लास चालवणाऱ्याला ती पळवाट कुठून मिळणार? विकत घेतलेल्या प्रतीचा बॅकअप ठेवायला मात्र कायद्याची हरकत नाही.

अकादमीवाल्यांनी एका कीवर दहा लॅपटॉप ढकलू नयेत. सरांच्या मशीनवर एक विकतचं लायसन्स, तेही अकादमीच्या नावावर, आणि मुलांच्या लॅपटॉपवर स्टॉकफिश, एवढ्यावर वर्ग छान चालतो.