एचडी बॉक्स घेतलाय ना? मग आधी टीव्हीच्या मागची वायर बघा

मागच्या गणपतीत मावशीकडे साताऱ्याला गेलो होतो. तिने नवीन ४३ इंची टीव्ही घेतलेला, एचडी सेट टॉप बॉक्स, एचडी चॅनेलचे दर महिन्याला वेगळे पैसे, सगळं व्यवस्थित. आरती झाल्यावर सगळे मॅच बघायला बसलो तर खेळाडू बुटके नि जाडे, स्कोअरचे आकडे कडेने पसरलेले, हिरवळ म्हणजे नुसता हिरवा रंग फासल्यासारखी. मी टीव्हीच्या मागे हात घातला, तर बॉक्समधून लाल-पिवळी-पांढरी, म्हणजे एव्ही वायर आलेली. बसवायला आलेल्या मुलाने जुन्या टीव्हीची वायर होती तीच नव्याला लावली, चित्र आलं, आवाज आला, सही घेऊन गेला. आठ महिने मावशी एचडीचे पैसे भरत होती आणि एचडी तिने एक दिवसही बघितलं नव्हतं, तिला वाटत होतं आपल्याच चष्म्याचा नंबर वाढलाय. मला खरंच वाईट वाटलं, आणि असं अजून किती घरांत असेल या विचाराने हे सगळं लिहून काढतोय.

पहिला घोळ 'डिजिटल' या शब्दाचा आहे. मुंबईत २०१२ च्या शेवटी आणि पुणे, नागपूर, नाशिककडे २०१३ मध्ये बॉक्स सक्तीचा झाला तेव्हापासून सगळे म्हणतात आमच्याकडे डिजिटल केबल आहे, ते बरोबरच आहे, पण ते बॉक्सपर्यंत. बॉक्सपासून टीव्हीपर्यंतचा जो शेवटचा हातभर रस्ता आहे ना, तो डिजिटल (चित्र आकड्यांत पाठवणारा) ठेवायचा की अ‍ॅनालॉग (कमी-जास्त होणाऱ्या विजेच्या सिग्नलमधून पाठवणारा) हे तुम्ही कुठली वायर लावता त्यावर ठरतं, केबलवाला तिकडून कितीही चांगला सिग्नल पाठवू दे.

पिवळ्या पिनेतून (चित्र तिच्यातून जातं, आवाज लाल-पांढरीतून) काय जातं ते आकड्यांत बघा म्हणजे लगेच कळेल. आपल्याकडच्या साध्या चित्राचं माप ७२० बाय ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके. एचडी चॅनेलचं १९२० बाय १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके, बरोबर पाचपट. पिवळी वायर लावली की बॉक्स आधी त्या मोठ्या चित्राचं छोटं करतो, मग उजेड आणि रंग दोन्ही एकाच तारेत कोंबून पाठवतो, टीव्ही परत ते वेगळे करायला बघतो (म्हणूनच लाल साडीच्या कडेला रंग सांडल्यासारखा दिसतो आणि अक्षरांच्या काठावर मुंग्या चालल्यासारखे ठिपके हलतात) आणि शेवटी तेच छोटं चित्र ताणून ४३ इंचावर पसरवतो. एवढा प्रवास झाल्यावर त्यात एचडीचं काय उरणार.

तर साधा नियम: टीव्हीला एचडीएमआयचं भोक आहे आणि बॉक्सलाही आहे, तर एचडीएमआय लावा, दुसरा विचार नको. १९ पिनांची एकच वायर, चित्र नि आवाज दोन्ही त्यातूनच जातं, आणि आकडे जसे बॉक्समधून निघाले तसेच टीव्हीच्या पडद्यापर्यंत पोचतात.

लावताना मात्र बॉक्स आणि टीव्ही दोन्हीचे स्विच बोर्डावरूनच बंद करा, नुसतं रिमोटने नाही. दोन्हीकडे पिन पूर्ण आत जाईपर्यंत दाबा, अर्धवट बसलेली एचडीएमआय पिन हे चित्र न येण्याचं सगळ्यात कॉमन कारण आहे. मग आधी टीव्ही सुरू करा, सोर्स किंवा इनपुटचं बटण दाबून ज्या भोकात घातलीये तो नंबर निवडा, एचडीएमआय १ की २, आणि मग बॉक्स सुरू करा. चित्र आलं की जुनी एव्ही वायर काढून टाका, नाहीतर घरातलं कोणीतरी चुकून सोर्स बदलतं आणि परत महिनाभर सगळे पिवळ्या वायरवरच बघत बसतात.

इथे थांबू नका, कारण अर्धं काम अजून बॉक्सच्या सेटिंगमध्ये आहे. मेनूत व्हिडिओ किंवा डिस्प्ले सेटिंग शोधा. पडद्याचा आकार ४:३ असेल तर १६:९ करा, मावशीचे खेळाडू जाडे दिसत होते ते यामुळेच. रिझोल्युशन, म्हणजे चित्राचं माप, ५७६ वर अडकलेलं असेल तर १०८०आय (ते १९२० बाय १०८० चं एचडी चित्र) करा, कारण आपल्याकडचे एचडी चॅनेल त्याच स्वरूपात येतात. टीव्ही 'एचडी रेडी' असेल, म्हणजे १३६६ बाय ७६८ चा, तर १०८०आय आणि ७२०पी (त्याहून कमी ठिपक्यांचं एचडी) दोन्ही लावून बघा, कुठल्या टीव्हीला कुठलं जमेल ते समोर बसूनच कळतं. मग टीव्हीच्या मेनूत पिक्चर साइजमध्ये जस्ट स्कॅन, स्क्रीन फिट असलं काहीतरी नाव असतं ते चालू करा, नाहीतर टीव्ही चारही कडा थोड्या कापतो आणि खालची बातम्यांची पट्टी अर्धी जाते. आणि हो, चॅनेलसुद्धा एचडीचाच लावा! साधा झी मराठी आणि झी मराठी एचडी यांचे नंबर वेगळे असतात, बोटांना जुना नंबर पाठ असतो आणि वायर बदलूनही माणूस साधाच चॅनेल लावून म्हणतो काही फरक नाही.

वायर विकत घेताना दुकानदार सोन्याचा मुलामा, जाड विणलेली, हजाराच्या वरची असं दाखवेल. बॉक्स ते टीव्ही दीड-दोन मीटर अंतर असेल तर दोन-तीनशेची बरी वायर पुरते. डिजिटलमध्ये आकडे पोचतात किंवा पोचत नाहीत, महागड्या वायरीने रंग जास्त गडद होत नाहीत. पैसे घालायचे तर लांब वायरीला घाला. पाच मीटरपर्यंत सहसा त्रास नाही, त्यापुढे, म्हणजे प्रोजेक्टरसाठी छतावरून १०-१५ मीटर न्यायची असेल तर खरंच चांगली किंवा आत सिग्नल वाढवणारी चिप असलेली वायर लागते, आणि भिंतीत गाडण्याआधी ती जमिनीवर पसरून लावून बघा. गिलावा झाल्यावर वायर खराब निघाली तर भिंत फोडण्याशिवाय उपाय नाही.

आता टीव्हीला एचडीएमआय नाही, किंवा आहे पण ते भोक जळलंय, तर काय? इथे बरेच जण थेट पिवळ्यावर येतात आणि मधला एक चांगला पर्याय विसरतात, तो म्हणजे कंपोनंट. हिरवी, निळी, लाल अशा चित्राच्या तीन पिना, शिवाय आवाजाच्या लाल-पांढऱ्या दोन. ही वायर अ‍ॅनालॉग आहे, पण हिच्यातून १०८०आय आरामात जातं, कारण हिरव्यात उजेड आणि निळ्या-लालमध्ये रंगाचा हिशोब वेगवेगळा चालतो, एकाच तारेत खिचडी होत नाही. अ‍ॅनालॉग म्हणजे एचडी नाही असं जे सगळे सांगतात ते म्हणूनच चूक आहे, एचडी नसते ती पिवळी वायर. सुरुवातीच्या बऱ्याच एचडी बॉक्सवर ही भोकं होती, नवीन बॉक्सवर सहसा एचडीएमआय आणि एक छोटं एव्हीचं भोक एवढंच असतं. कॉपी होऊ नये म्हणून हे अ‍ॅनालॉग रस्ते हळूहळू बंद करत आणलेत. ब्लू-रेच्या (एचडी सिनेमांच्या डिस्कच्या) नियमात तर २०१० नंतर बनलेल्या प्लेअरला कुलूपबंद डिस्कचं एचडी चित्र अ‍ॅनालॉगमधून द्यायलाच मनाई आली. पण तुमच्या बॉक्सवर आणि टीव्हीवर कंपोनंट असेल तर बिनधास्त वापरा. दोनच गोष्टी सांभाळा, लाल पिना दोन असतात, चित्राची लाल आवाजाच्या भोकात गेली की तोंडं हिरवी-निळी दिसतात, आणि बऱ्याच टीव्हींवर एव्हीची पिवळी पिन नि कंपोनंटची हिरवी पिन एकाच भोकात लागते, तिथे सोर्स चुकला की चित्र ब्लॅक अँड व्हाइट येतं. लोक टीव्ही बिघडला म्हणून दुरुस्तीला नेतात, नुसता सोर्स बदलायचा असतो.

पिवळी वायर कुठे ठेवायची तेही सांगतो, कारण ती टाकाऊ नाही. जुना डब्यासारखा टीव्ही असेल तर त्याला तीच, तिथे एचडी पॅकचे पैसे मात्र भरू नका. दुसरं म्हणजे बऱ्याच बॉक्सवर दोन्ही रस्ते एकाच वेळी चालू असतात, हॉलच्या टीव्हीला एचडीएमआय आणि स्वयंपाकघरातल्या छोट्या टीव्हीला लांब एव्ही वायर असं करता येतं, दोन्हीकडे चॅनेल एकच दिसेल एवढंच. बॉक्सवर हेडफोनसारखं छोटं भोक असेल तर वायर त्याच बॉक्सची वापरा. दुसऱ्या कंपनीच्या वायरीत आतल्या जोडण्यांचा क्रम वेगळा असू शकतो, तशी एखादी लावली आणि चित्राऐवजी घरघर आली तर पिवळ्याच्या जागी लाल पिन घालून बघा, कधी कधी चित्र तिच्यातूनच येत असतं. आणि एव्हीचं एचडीएमआय करून देणारी डबी घेऊ नका, ती टीव्हीला भोकात बसेल असं चित्र देते, हरवलेले ठिपके परत आणत नाही.

बिघाड ओळखायला शिका, त्याने केबलवाल्याशी बोलताना फार फरक पडतो. चित्राचे चौकोन चौकोन होऊन अडकतंय, आवाज तुटतोय, तर दोष बॉक्सच्या आधी आहे, बाहेरून येणारी काळी वायर, तिची ढिली पिन, जिन्यातला स्प्लिटर (एका केबलच्या दोन-तीन वायरी करणारी डबी). तिथे एचडीएमआय बदलून काही होणार नाही. पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात किंवा चित्र क्षणभर जाऊन परत येतं, तर एचडीएमआय वायर बघा. एव्हीवर आडवे पट्टे वर सरकतात आणि स्पीकरमधून गूं आवाज येतो, तर अर्थिंगची भानगड. पूर्ण काळा पडदा किंवा एचडीसीपीचा मेसेज आला तर ती कॉपी रोखणारी कुलूप-किल्ली जुळत नाहीये, दोन्ही बोर्डावरून बंद करून मिनिटभराने आधी टीव्ही मग बॉक्स लावा. जुन्या कॉम्प्युटर मॉनिटरला डीव्हीआयचं (त्याच्या चित्राच्या भोकाचं) कन्व्हर्टर लावून जोडत असाल तर मॉनिटरला ते कुलूप समजत नसेल तेव्हा चित्र येणारच नाही, आणि आलं तरी आवाज सहसा लाल-पांढऱ्यातून वेगळा स्पीकरला न्यावा लागतो.

शेवटचं, आणि हे मनावर घ्या. विजेच्या कडकडाटात एचडीएमआयची भोकं जळण्याचं प्रमाण आपल्याकडे बरंच आहे, आणि करंट नेहमी प्लगमधून येतो असं नाही, गच्चीवरून खांबावरून आलेली ती काळी केबल वायर बॉक्समध्ये शिरते, तिथून एचडीएमआयमधून टीव्हीत. कोकणात काय नि मराठवाड्यात काय, वळवाचं आभाळ भरून आलं की प्लग काढाच, पण बॉक्सच्या मागची काळी वायरही फिरवून काढून बाजूला ठेवा. बॉक्सला हात लावल्यावर मुंग्या येतात असं वाटत असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग बघून घ्या, आणि ते होईपर्यंत चालू बॉक्सची एचडीएमआय काढू-घालू नका.