लवंग तेलाचं नॅनोइमल्शन करताय? मग ब्लँक आधी बनवा

लवंग तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात मिसळायचे (हेच नॅनोइमल्शन) आणि ते बॅक्टेरिया आणि कॅन्सरच्या पेशी मारतं का बघायचं. एमएस्सी मायक्रो नाहीतर फार्मसीच्या प्रोजेक्टला हा विषय कोणीतरी घेतंच, तेल सहज मिळतं, खर्च कमी आणि रिझल्टही येतो. गोची अशी की रिझल्ट जरा जास्तच सहज येतो, कारण तेलासोबत ट्वीन ८० (तेल पाण्यात मिसळवणारं साबणासारखं रसायन) पण जातं आणि पेशी मारायचं काम बरेचदा तेच करतं. म्हणून पहिल्या दिवसापासून दोन बाटल्या करायच्या, एक खरी आणि एक बिनलवंगेची, म्हणजे ब्लँक.

तेल घेताना जीसी-एमएस रिपोर्ट मागा, म्हणजे तेलात कुठले घटक किती ते कळतं. चांगल्या लवंग तेलात युजेनॉल (त्यातला मुख्य घटक) साधारण ७० ते ९० टक्के असतं. एमआरएसए (औषधांना न जुमानणारा स्टॅफ बॅक्टेरिया) पेनिसिलिन गटाला दाद देत नाही कारण मेकए जीनमुळे त्याच्याकडे पीबीपी२ए नावाचं वेगळं प्रोटीन असतं, पण युजेनॉलचा मुख्य हल्ला मेम्ब्रेनवर, म्हणजे पेशीच्या आवरणावर असतो, त्यामुळे तिथे हा रेझिस्टन्स फारसा कामाला येत नाही. सुडोमोनास हा दुसरा बॅक्टेरिया मात्र चिवट, त्याला बाहेरचं जादा मेम्ब्रेन आहे, त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

आता रेसिपी. १०० मिलिला ४ मिलि लवंग तेल, १ मिलि एमसीटी तेल, १० मिलि ट्वीन ८०, बाकी डिस्टिल्ड पाणी. एमसीटी (पाण्यात न विरघळणारं साधं तेल) कशाला? युजेनॉल पाण्यात थोडं विरघळतं, मग छोट्या थेंबांतून निघून मोठ्या थेंबांत जातं आणि काही दिवसांत साइज फुगते, न विरघळणारं तेल सोबत असलं की हे बरंच आटोक्यात येतं. ब्लँकमध्ये लवंगेच्या जागी पण एमसीटीच, म्हणजे एकूण ५ मिलि.

तेल आणि ट्वीन मॅग्नेटिक स्टररवर एकत्र करा, पाणी थेंब थेंब सोडा (घाई केली की दही झाल्यासारखं दिसतं), मग प्रोब सोनिकेटर (ध्वनिलहरींनी थेंब फोडणारं यंत्र), पल्स मोडवर, बीकर बर्फात. बर्फ हवाच, नाहीतर गरम होऊन तेल उडतं आणि लॅबभर दाताच्या दवाखान्याचा वास. शेवटी सेंट्रिफ्यूज करा, प्रोबचे टायटॅनियमचे कण खाली बसतात. पांढरं दूध जाऊन निळसर झाक आली की साइज उतरली समजा, तरी डीएलएस (लेझरने थेंबांची साइज मोजणं) कराच. २०० नॅनोमीटरच्या आत आणि पीडीआय (थेंबांच्या साइजमध्ये किती फरक आहे तो आकडा) ०.३ च्या खाली आला तर ठीक. झीटा (थेंबांवरच्या चार्जचा आकडा) शून्याच्या जवळ आला म्हणून घाबरू नका, ट्वीनला चार्ज नसतो, थेंब वेगळे राहतात ते त्याच्या लांब साखळ्यांमुळे.

एमआयसीला (बॅक्टेरियाची वाढ थांबवणारं कमीत कमी प्रमाण) डिस्क, म्हणजे आगरवर ठेवायची औषधाची चकती, लावू नका, तेल आगरमध्ये नीट पसरत नाही. ९६ वेल प्लेट, म्यूलर हिंटन ब्रॉथ, वेलमध्ये ५×१०⁵ सीएफयू (जिवंत बॅक्टेरिया) प्रति मिलि. इमल्शन मुळात गढूळ, डोळ्यांनी ग्रोथ कळणार नाही, म्हणून रेझाझुरिन हा रंग घाला, निळ्याचं गुलाबी झालं की बॅक्टेरिया जिवंत. प्लेट सील करा, वाफ शेजारच्या वेलमध्ये जाते. ऑक्सासिलिन आणि व्हॅन्कोमायसिन ही अँटिबायोटिक्स सोबत लावा, स्ट्रेन खरंच रेझिस्टंट आहे हे पण दिसतं. आणि हे सगळं बीएसएल-२ लॅबमध्येच (रोगजंतूंसाठीची सुरक्षा पातळी), घरच्या किचनमध्ये नाही!

आकडे तेलाचे लिहा, इमल्शनचे नाही. ४ टक्के तेल, घनता अंदाजे १.०५, म्हणजे ४२ मिलिग्रॅम प्रति मिलि. दहापट पातळ केलं की ४.२, पण त्याच वेलमध्ये ट्वीनही १ टक्का झालंय, पेशींसाठी हे भरपूर आहे, तेव्हा ब्लँक अगदी तितकंच पातळ करून शेजारी लावा.

आता कॅन्सरचा भाग. पेशींसाठी एमसीएफ-७ (ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशी) वगैरे लाइन पुण्याच्या एनसीसीएस या पेशी-संशोधन संस्थेमधून इन्स्टिट्यूटमार्फत मागवता येते. एमटीटीत (जिवंत पेशी पिवळ्या रंगाचा जांभळा करतात ती टेस्ट) फसवणूक उलट्या बाजूने होते, युजेनॉलसारखी फिनॉलवाली तेलं पेशी नसतानाही एमटीटी जांभळं करू शकतात आणि मेलेल्या पेशी जिवंत दिसतात. म्हणून २४ तासांनी इमल्शन काढून पीबीएसने (मिठाचं बफर) धुवा, मगच एमटीटी घाला, आणि काही वेल बिनपेशींच्या ठेवा. फॉर्माझान (तो जांभळा रंग) डीएमएसओ या सॉल्व्हंटमध्ये विरघळवून ५७० नॅनोमीटरला रीडिंग. पॉझिटिव्ह कंट्रोल डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरचं औषध.

सोबत एक नॉर्मल लाइन पाहिजेच, एमसीएफ-१०ए (कॅन्सर नसलेल्या ब्रेस्टच्या पेशी) जमली तर उत्तम, नाहीतर एल९२९ (उंदराच्या पेशी). नॉर्मलचा आयसी५० (पेशींची संख्या निम्मी करणारं प्रमाण) भागिले कॅन्सरचा आयसी५०, हा आकडा १ च्या आसपास आला तर तुमचं इमल्शन समोर येईल त्या पेशीला मारतंय, मग थीसिसच्या टायटलमधून अँटीकॅन्सर शब्द काढा आणि सायटोटॉक्सिक लिहा.