हिरवळीवरची पांढरी छत्री: विषारी भूछत्र कसं ओळखावं?

पावसाने जोर धरला की ठाण्यातल्या सोसायट्यांच्या लॉनवर, खारघर-नेरुळच्या बागांत ताटलीएवढी पांढरी भूछत्रं उगवतात, कधी गोल रिंगणात. त्यात क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस हे विषारी भूछत्र असू शकतं. दिसायला ते खाण्याच्या अळंबीसारखंच असल्यामुळे भलेभले फसतात.

आधी वरून बघा. पांढऱ्या टोपीवर तपकिरी खवले असतात, मध्यभागी जास्त दाट. दांड्यावर एक कडं असतं, ते बोटाने वरखाली सरकतं. हात लावल्याने विषबाधा होत नाही, पण नंतर साबणाने हात धुवा. आता टोपी उलटी करा. कोवळ्या भूछत्राचे खालचे पदर पांढरेच असतात, जून झाल्यावर त्यांवर हिरवट-करडी झाक येते. म्हणूनच कोवळं भूछत्र जास्त फसवतं.

खात्री करायची तर पूर्ण उमललेलं भूछत्र घ्या. दांडा टोपीलगत कापा, पदरांची बाजू खाली करून टोपी पांढऱ्या कागदावर ठेवा आणि वर वाडगा पालथा घाला. हे सगळं मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी, रात्रभर. सकाळी टोपी अलगद उचला. कागदावर पदरांच्या रेषांचा हिरवट ठसा उमटला असेल, तर हे तेच. ही पूड म्हणजे त्याचे बीजाणू.

ठसा पांढरा आला म्हणून मात्र ते खाऊ नका! यकृत निकामी करणाऱ्या अमानिटा जातीच्या भूछत्रांचा ठसाही पांढराच असतो. शिजवल्याने विष जाईल, चांदीचा चमचा काळा पडेल, किड्यांनी खाल्लंय म्हणजे चांगलं, यातल्या कशावरही विसंबू नका. वारुळाची अळंबी पिढ्यान्‌पिढ्या ओळखणाऱ्यांची नजर वेगळी. लॉनवरचं काहीही आपण खायचं नाही.

कोणी खाल्लंच, तर साधारण एक ते तीन तासांत उलट्या, पोटात मुरडा आणि जुलाब सुरू होतात. लहान मुलांच्या अंगातलं पाणी झपाट्याने कमी होतं. त्रास सुरू होण्याची वाट बघू नका, मुद्दाम उलटी काढू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट रुग्णालय गाठा. उरलेलं भूछत्र कागदी पिशवीत सोबत न्या आणि किती वाजता खाल्लं ते डॉक्टरांना सांगा. सहा तासांनंतर लक्षणं दिसली तर ते अमानिटासारखं भूछत्र असू शकतं, म्हणून धोका जास्त असतो.

लॉनवरची भूछत्रं हातमोजे घालून मुळापासून उपटा, पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. मातीतलं बुरशीचं जाळं तसंच राहतं, त्यामुळे ती पुन्हा येणार. मुलं खेळायला उतरण्याआधी माळीकाकांना पावसाळाभर रोज एक फेरी मारायला सांगा. कुत्री फिरवणाऱ्यांनाही कळवा, तीही ही भूछत्रं खाऊन आजारी पडतात.